शाश्वतता शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं? (नाशिककरांनो, जरूर लिहा)

गोदातीर

निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न माझ्याकडे येतो, यंदा जरा जास्तच आला. "मॅडम, सस्टेनेबिलिटीमध्ये मास्टर्स करू का? त्यात असतं काय?" मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. पालकांना वाटतं, पर्यावरणशास्त्रालाच नवं नाव दिलंय. मुलांना वाटतं, झाडं लावणं, प्लास्टिकबंदी आणि सोलर पॅनेल. एकदा सविस्तर लिहावं आणि इथल्या जाणत्यांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते. शाश्वततेचा अभ्यास विषयांची यादी पाठ करून होत नाही. एखादा खराखुरा अडलेला प्रश्न धरायचा आणि तो नेईल तिकडे जायचं. त्याने रसायनशास्त्रात नेलं तर तिथे, कायद्यात नेलं तर तिथे. आणि असे प्रश्न शोधायला नाशिकच्या बाहेर जावं लागत नाही.

गोदावरीतल्या पाणवेलीच घ्या. पावसाळ्यात पूर आला की त्या वाहत येऊन चांदोरी-सायखेड्याच्या पुलाला अडकतात, पाणी तुंबतं, गावकऱ्यांच्या पोटात गोळा येतो. आपल्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे मशीन लावा, काढून टाका. वनस्पतीशास्त्र सांगतं की ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं तग धरतं. म्हणजे नुसतं काढून भागत नाही. मग ती जगते कशावर? नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. ते येतात सांडपाण्यातून, साबण-डिटर्जंटमधून, शेतातल्या खतांतून. इथे रसायनशास्त्र आलं.

पुढे मलनिस्सारण अभियांत्रिकी. शहराचं सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं मुख्यतः बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) कमी करण्यासाठी बांधलेली असतात. जुना निकष लिटरमागे ३० मिलिग्रॅमचा, आता अपेक्षा १०ची. पण नेहमीच्या दुय्यम प्रक्रियेत फॉस्फरस फारसा निघत नाही, त्यासाठी वेगळा टप्पा लागतो. म्हणजे केंद्र बीओडीच्या निकषात पास होऊ शकतं आणि त्याच पाण्यावर खाली पाणवेल पोसली जाऊ शकते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अहवालात सगळं हिरवं आणि नदीही हिरवी!

अजून पुढे जाऊ. पावसाळा सरला की नदीत वाहतं पाणी किती असावं हे बरंचसं गंगापूर आणि दारणा धरणांतून काय सोडतात त्यावर ठरतं. इथे जलविज्ञान आलं आणि त्याला चिकटून राजकारण. खाली नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे. तो बांधला कालव्यांसाठी. मागे गाळ साठला, उथळ पाणी झालं, पक्षी आले आणि जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. सिंचनाला गाळ काढलेला हवा, पक्ष्यांना उथळ पाणी हवं. कोणाचं बरोबर? हे कोणत्याच एका पाठ्यपुस्तकात नाही. त्यात पाटबंधारे, वन्यजीव विभाग, महानगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ग्रामपंचायती, प्रत्येकाची हद्द वेगळी. सांडपाणी शहराचं, त्रास सायखेड्याचा. याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात.

एका वनस्पतीपासून निघून आपण सहा-सात विभागांच्या दारांतून फिरून आलो. हा प्रवास शिस्तीने, मोजमापांसह करता येणं म्हणजे हा अभ्यास.

थोडा इतिहास. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीच्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो खाणींचा अधिकारी होता. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागायचं, जंगलं संपत चालली होती. जेवढं उगवतं तेवढंच तोडा, हा विचार त्याने मांडला. पहिल्याच उदाहरणात वन, खाण आणि राज्याची तिजोरी एकत्र आहेत बघा. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवण्याची व्याख्या जगभर गेली. विद्यापीठीय शाखा म्हणून याने आकार घेतला तो त्याहून उशिरा. २००१ साली रॉबर्ट केट्स हा भूगोलज्ञ आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात 'शाश्वतता विज्ञान' नावाने या क्षेत्राचे मुख्य प्रश्न मांडले. २००६ साली अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने यासाठी स्वतंत्र स्कूल काढलं. म्हणजे शाखा अजून तरुण आहे, तिची चौकट घडते आहे.

आपले अनुभव लिहा. विरोधी मतही चालेल.

---

वाचनवेडा_पंचवटी

वाचनखूण साठवली. पाणवेलीचा भाग घरी वाचून दाखवला.

---

रसायनी

मॅडम, विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. हे आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या होतात अशी मला खरी भीती आहे.

तुम्ही बीओडी लिहिलंत. बीओडी पूर्वी २० अंशाला ५ दिवस ठेवून काढायचे, आपल्याकडे आता २७ अंशाला ३ दिवस. अशा अभ्यासक्रमांतून आलेल्या मुलांचे अहवाल माझ्या हाताखालून गेले. त्यात नुसतं 'बीओडी २८' लिहिलेलं. कोणत्या तापमानाला, किती दिवस, नमुना सकाळी घेतला की दुपारी, बाटली बर्फात आणली की मोटारसायकलच्या डिकीत, काहीच नाही. दुपारी डिकीत तासभर तापलेल्या नमुन्याचा आकडा मी विश्वासाने वाचू शकत नाही. आणि त्या आकड्यावर पुढे धोरण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे मजले चढवलेले असतात. पायाच कच्चा.

आधी एक शास्त्र नीट शिका. मग बाकीचं बोला.

---

गोदातीर

सर, तुमचा मुद्दा मी पूर्ण गंभीरपणे घेते. म्हणूनच मुलांना माझा सल्ला असा असतो की पदवी एका पक्क्या विषयात करा. भूशास्त्र, रसायन, स्थापत्य, अर्थशास्त्र, कायदा, काहीही. त्यावर हे शिक्षण घ्या. एका विषयात खोल, आणि शेजारच्या तीन-चार विषयांची भाषा कळेल इतपत रुंद.

पण उलट बाजूही बघा. तुमच्या प्रयोगशाळेने अचूक मोजलेला आकडा त्या फॉस्फरसबद्दल बोलतच नसेल, तर तो अचूक असूनही पाणवेलीच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. काय मोजायचं हे ठरवणारं कोणीतरी लागतं. ती व्यक्ती तुमच्या शेजारी बसलेली असावी, तुमच्या जागी नव्हे. या क्षेत्रातलं चांगलं काम गटातच होतं. पाण्यावर रसायनशास्त्राची, कायद्यावर कायद्याची व्यक्ती, आणि मध्ये दोघांना एकमेकांचं बोलणं समजावून सांगू शकणारी माणसं.

---

रसायनी

'काय मोजायचं' हा मुद्दा मान्य. फॉस्फेटची चाचणी खर्चिक नाही, मागितली तर कोणतीही बरी प्रयोगशाळा करून देते. मागणारे कमी आहेत.

---

टेलची_चारी

माझं गाव दिंडोरी तालुक्यात, वाघाडच्या कालव्यावर. पुस्तकी बोलणं मला जमणार नाही, पण जे पाहिलं ते सांगतो.

कालव्याच्या हेडला (तोंडाशी) असलेल्याला पाणी आणि टेलला (शेवटाला) असलेल्याला पावती, हे आमच्याकडचं जुनं दुखणं. धरण बांधलं इंजिनिअरांनी, चाऱ्या काढल्या, हिशोब बरोबर होता. टेलला पाणी पोचायचं नाही. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, नव्वदच्या आसपास टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी हेक्टरवर न घेता मोजून घ्यायचं, घनमापनाने. संस्थेने एकदम पाणी घ्यायचं आणि आत वाटायचं. पुढे सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आलं. २००५ साली राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्याच्या आधी ही सगळी धडपड झालेली.

यात सिमेंट जास्त लागलं नाही. लागला तो विश्वास आणि मोजमाप. मापकापाशी शेतकरी स्वतः उभा राहून आकडा वाचतो तेव्हा भांडण अर्धं मिटतं. हे कोणत्या विषयात येतं ते मॅडमनी सांगावं.

---

गोदातीर

दादा, हे तर या अभ्यासाच्या केंद्रस्थानी येतं! २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉमना मिळालं, त्या मूळच्या राज्यशास्त्राच्या. सामाईक मालमत्ता हमखास ओरबाडली जाते आणि म्हणून ती सरकारकडे तरी द्या नाहीतर खाजगी तरी करा, असं तोवर धरून चालत. स्पेनमधले कालवे, स्वित्झर्लंडमधली कुरणं, नेपाळमधली शेतकऱ्यांची सिंचन व्यवस्था, असे शेकडो दाखले अभ्यासून त्यांनी दाखवलं की लोक स्वतः नियम करून अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. पण काही अटी असतात. हद्द ठरलेली, वाटा आणि खर्च प्रमाणात, देखरेख आपल्यातल्याच कोणाकडे, दंड आधी सौम्य मग कडक.

आता आपल्या जिल्ह्यातली फड पद्धत आठवा. मोसम आणि आरम नद्यांवर, आणि धुळ्यात पांझरेवर. नदीवर एकाखाली एक बंधारे, बंधाऱ्यातून पाट, लाभक्षेत्राचे फड पाडलेले आणि एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात रब्बी, असं आलटून पालटून. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फडच भिजवायचा नाही असं ठरायचं, त्यामुळे टंचाईचा फटका सगळ्यांना सारखा बसायचा. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. ऑस्ट्रॉमच्या अटींशी ताडून बघा, एकेक जुळत जाते. हे करणाऱ्यांकडे कोणतीही पदवी नव्हती, पण जलविज्ञान, पीकशास्त्र आणि न्याय त्यांनी एकाच नियमात बसवला होता.

वरच्या बाजूला मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या, ऊस आणि द्राक्षाचं गणित बदललं, तशी ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी विस्कटली. ती का विस्कटली याचा अभ्यास हा माझ्या मते एखाद्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रबंध आहे.

---

कलम_बारा

वकिली करतो. जायकवाडीचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितो.

२००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या टंचाईच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. त्यावरून पुढे मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं. दर टंचाईच्या वर्षी यावरून आंदोलनं आणि याचिका ठरलेल्या.

कोर्टात प्रत्यक्षात वाद कशावर होतो? कायद्याच्या शब्दांवर कमी, आकड्यांवर जास्त. सोडलेल्या पाण्यापैकी वाटेत नदीपात्रात किती मुरतं, किती उडतं, किती उपसलं जातं. हा वहनव्यय किती धरायचा त्यावर कोणाच्या बागा वाळणार ते ठरतं. हा आकडा जलविज्ञानाचा, पण परिणाम न्यायाचा. वकिलाला जलविज्ञानाचा अहवाल वाचता येत नसेल तर तो बाजूच मांडू शकत नाही. आणि अभियंत्याला आपण लिहिलेला आकडा उद्या कोणाच्या हक्काचं मोजमाप होणार आहे याची कल्पना नसेल, तर तो अंदाजे लिहून मोकळा होतो. म्हणून मी या शिक्षणाच्या बाजूने आहे.

---

द्राक्षबागाईत

निफाडहून लिहितोय. सगळं वाचलं, चांगलं चाललंय. पण ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्याकडूनही थोडं ऐका.

छाटणीच्या घाईत, बागेत डावणी रोग दिसायला लागलेला, आभाळ भरलेलं, आणि अशा वेळी दोन मुलं फॉर्म घेऊन येतात. "काका, तुम्ही शाश्वत शेती करता का? हो किंवा नाही." काय सांगू? ठिबक आहे, शेणखत घालतो, युरोपला माल पाठवायचा म्हणून औषधाच्या काढणीपूर्व कालावधीचा हिशोब ठेवतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हापासून आम्ही रेसिड्यू हा शब्द झोपेतही विसरत नाही. पण दुसऱ्या बाजूला शेजारच्याने तळं केलं म्हणून मीही केलं, बोअरला पाणी खाली गेलं म्हणून अजून खाली घेतली. मग मी शाश्वत की अशाश्वत? फॉर्ममध्ये तो चौकोनच नाही.

आणि ती मुलं परत येत नाहीत. त्यांना काय सापडलं ते आम्हाला कधी कळत नाही. प्रश्न तरी आम्हाला विचारून ठरवा. मी विचारलं असतं की माझ्या शिवारात अजून किती बागा बसतील?

---

गोदातीर

काका, तुमचा शेवटचा प्रश्न दहा प्रबंधांच्या तोडीचा आहे. या क्षेत्रात आता हेच सांगितलं जातं की विद्याशाखा एकत्र आणून थांबायचं नाही, ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाही प्रश्न मांडण्यापासून बरोबर घ्यायचं आणि निष्कर्ष परत त्यांच्यापुढे ठेवायचे. सांगितलं जातं, पण सगळीकडे केलं जात नाही, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे.

तुम्ही तळ्याचं काढलंत म्हणून ते जरा खोलात घेऊ. मला स्वतःला या एका विषयात हे सगळं क्षेत्र दिसतं.

शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायची. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ची, तेव्हा ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. तेव्हाचा सर्वांत मोठा आकार ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. उतार धरून त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात अनेक तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर घालून ती विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात विहिरीला पाणी असतं तेव्हा उपसायचं, उन्हाळ्यासाठी तळ्यात ठेवायचं.

आता हिशोब. वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जातं. शंभर दिवसांत, पातळी उतरेल तसा पृष्ठभाग आकसतो हे धरूनही, तळ्यातलं पाव हिस्सा पाणी तरी उडून जातं. तेच पाणी जमिनीखाली असतं तर उडालं नसतं.

मग शेतकरी असं का करतो? इथे भूशास्त्र आणि कायदा दोन्ही लागतात. आपला खडक बेसॉल्ट. भेगा आणि झिजलेला थर असेल तिथेच पाणी, आणि घनमीटरभर खडकातून सुटणारं पाणी फार तर दोन-तीन टक्के. म्हणजे साठा तोकडा आणि सगळ्यांचा सामाईक. कायद्याच्या परंपरेत मात्र जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी. मी नाही उपसलं तर शेजारी उपसणार. त्यामुळे सामाईक खडकातलं पाणी आपल्या सातबाऱ्यावरच्या तळ्यात आणून ठेवणं हे प्रत्येकासाठी शहाणपणाचं आणि गावासाठी नुकसानीचं. त्यावर बँकेचं कर्ज, अनुदान, निर्यातीचा दर, आणि एकदा बाग लावली की पंधरा वर्षं दर उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं ही सक्ती. ज्याच्याकडे तळं बांधायला भांडवल नाही त्याची विहीर आधी आटते. हे समाजशास्त्र झालं.

ठिबकचंही तसंच. एकरी पाणी कमी लागतं हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावले तर शिवाराचा एकूण उपसा कमी होत नाही. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हे दाखवलं होतं की इंजिनं सुधारली आणि कोळसा जास्त जळायला लागला. २०१८ साली 'सायन्स'मध्ये सिंचनाच्या कार्यक्षमतेबद्दल नेमका हाच विरोधाभास मांडणारा लेख आला. ठिबक वाईट नाही. ठिबकला एकूण उपशाच्या मर्यादेची जोड लागते, आणि ती मर्यादा यंत्र घालून देत नाही, गाव किंवा कायदा घालून देतो. पुरंदरला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात हेच केलं. पाणी माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई.

---

द्राक्षबागाईत

माणशी पाणी आमच्याकडे कोणी मान्य करणार नाही, बागांवर कर्जं आहेत. पण बाष्पीभवनाचा हिशोब कोणी असा मांडून दाखवला नव्हता. आमच्याकडे काही जण तळ्यावर शेडनेट टाकायला लागलेत.

---

पेठवाडीची_लेक

सगळी चर्चा बागायतीची चालली आहे. आमच्या पेठ-सुरगाण्याकडेही बघा. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात. आणि एप्रिल-मेमध्ये बाया-पोरी हंडे घेऊन दरीत उतरतात. उतार तीव्र, खडक उघडा, पाणी पश्चिमेला वाहून जातं. पावसाचा आकडा बघून कोणी म्हणणार नाही इथे टंचाई आहे.

पाणी आणायला घरातल्या बाईचा किती वेळ जातो हे कोणत्याच धरणाच्या अहवालात नसतं. माझी आई तो वेळ मोजू शकली असती, तिला कोणी विचारलं नाही. मी नर्सिंग केलं. या अभ्यासात आरोग्य आणि बायकांचं काम हे विषय असतील तरच तो पुरा म्हणेन.

---

गोदातीर

ताई, अगदी बरोबर, आणि हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात तरी चालेल. वेळेच्या वापराचं सर्वेक्षण ही मान्य पद्धत आहे आणि सार्वजनिक आरोग्याशिवाय पाण्याचा अभ्यास अपुराच. तुमच्यासारख्या नर्सिंग झालेल्या, डोंगरातल्या गावच्या मुली या क्षेत्रात याव्यात असं मला फार वाटतं.

---

सातपूरकर

पोटापाण्याचा मुद्दा कोणी घेत नाहीये. मी सातपूर एमआयडीसीत सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, त्यामुळे नोकरीच्या बाजूने सांगतो.

सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल, बीआरएसआर, बंधनकारक केलाय. आमचा कारखाना सूचीबद्ध नाही, पण आमचे ग्राहक आहेत. ते आम्हाला तक्ते पाठवतात. वीज किती, डिझेल किती, भंगार किती, पाणी किती. शिवाय युरोपचा कार्बन सीमा कर, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरची आकारणी. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं, २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा. त्यात लोखंड-पोलादाचे नटबोल्टही येतात. अंबड-सातपूरला असले कारखाने कमी नाहीत.

आता हा तक्ता भरणारं माणूस कोण? अकाउंटंटला भट्टी कळत नाही, प्रॉडक्शनवाल्याला हिशोबाची हद्द कळत नाही. एकाच भट्टीत युरोपचा माल आणि देशी माल दोन्ही तापतो, मग गॅसचं बिल कसं विभागायचं? वजनावर, तासांवर, की किमतीवर? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. याला वस्तूच्या जीवनचक्राचं मूल्यमापन (कच्च्या मालापासून भंगारापर्यंतचा हिशोब) येणारं माणूस हवं. असं माणूस आम्हाला मिळत नाही. मुलांनी हे जरूर शिकावं. फक्त सुंदर अहवाल लिहिणारे नकोत, शॉप फ्लोअरवर उतरून मीटर वाचणारे हवेत.

---

मनस्वी_भूशास्त्र

नमस्कार, मी यंदा भूशास्त्रात बी.एस्सी. झाले, घर सिन्नरला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प होता, तो सगळ्यांनी सीनियर्सच्या फायली बघून उतरवला. त्यामुळे हा विषयच हलका वाटायचा. इथलं वाचून मत बदललं. कुठे शिकता येईल? आणि प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात काय करू?

---

गोदातीर

मनस्वी, तो सक्तीचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशातून आलाय, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरून. हेतू मोठा होता. पण शंभर-दीडशे मुलांच्या वर्गाला बाहेर न नेता शिकवला की त्याची फाईल होते. याची मला मनापासून खंत आहे.

कुठे शिकायचं? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामान बदल आणि शाश्वततेचा अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. होतं, त्याला प्रत्यक्ष गावात राहून काम करावं लागतं. दिल्लीत टेरीचं अभिमत विद्यापीठ आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर बंगळुरूची ॲट्री संस्था. परदेशात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा या विषयातला मास्टर्स १९९७ पासून चालू आहे. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या त्यांच्या संकेतस्थळावरच बघ. निवडताना एकच गोष्ट तपासून घे. अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य किती आणि एका प्रकल्पावर दोन वेगळ्या विषयांचे मार्गदर्शक असतात का. नुसते पेपर एकापुढे एक ठेवलेले असतील तर घरी बसून पुस्तकं वाचलेली बरी.

मधल्या काळात तुझ्या गावचं एक शिवार धर. भूशास्त्र येतंच तुला. विहिरींचे काठ बघून खडकाचे थर नोंदव, पोकळ्यांचा बेसॉल्ट कुठे संपतो आणि एकसंध कुठे सुरू होतो ते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते, ती माहिती मागता येते. तिच्याशी तुझ्या नोंदी ताडून बघ. मग प्रत्येक विहिरीसमोर लिही, कोणाची, खोली किती, किती अश्वशक्तीची मोटार, कोणतं पीक, तळं आहे का, तळं कधी भरतात.

---

रसायनी

पाण्याचे नमुने घेणार असलीस तर मला निरोप टाक. बाटल्या कशा धुवायच्या आणि नमुना कसा आणायचा ते दाखवतो. नायट्रेट आणि फॉस्फेट तरी करूच.

---

मनस्वी_भूशास्त्र

सर, नक्की! मॅडम, एक अडचण. आमच्याकडे बऱ्याच जमिनी वाट्याने किंवा खंडाने कसतात. विहीर एकाची, मोटार दुसऱ्याची, पीक तिसऱ्याचं. 'कोणाची' या रकान्यात नाव कोणाचं लिहू?

---

गोदातीर

तीन रकाने कर. सातबाऱ्यावर कोण, मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावावर, कसतं कोण. अनुदान पहिल्याला मिळतं, बिल दुसऱ्याला येतं आणि उपसा किती करायचा हे तिसरा ठरवतो. उपशाच्या मर्यादेची बोलणी कोणाशी करायची हे त्या तीन रकान्यांतूनच कळेल.

---

द्राक्षबागाईत

त्यात चौथा घाल. सालगडी. रात्री लाईट आली की मोटार चालू करायला तोच उठतो, आणि किती वेळ चालली ते त्यालाच माहीत असतं.